बिनपेरणीची कुंडी : उन्हाळ्यातली रानफुले आणि धीराचा अभ्यास

एप्रिल उजाडला की गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांची परीक्षा सुरू होते. गुलाब मान टाकतो, शेवंती कधीच आटोपलेली असते, तुळशीची पाने दुपारी लोंबू लागतात. दिल्ली असो, जयपूर असो, नागपूर असो की हैदराबाद, सगळीकडे हीच कथा. आणि नेमक्या याच दिवसांत, कोपऱ्यातल्या एखाद्या विसरलेल्या कुंडीत काहीतरी हिरवे उगवलेले दिसते. ते आपण पेरलेले नसते. आपण त्याला ‘तण’ म्हणतो, दोन बोटांत धरतो आणि उपटून टाकतो.

आजच्या पाठात आपण त्या हिरव्या पाहुण्याकडे थोडे थांबून पाहणार आहोत. उन्हाळ्यात रानफुले कुंडीत कशी जगवावीत आणि कशी ओळखावीत, हे तर शिकूच. पण हा अभ्यास महिनाभर मनापासून केला, तर स्वभावातली एक गोष्टही हळूहळू सैल होते. ती म्हणजे घाई. रानफुलांसमोर आपली तीन प्रकारची घाई उघडी पडते : उपटण्याची घाई, नाव ठेवण्याची घाई आणि ‘हे मेले’ असे ठरवून टाकण्याची घाई. या तिन्ही गोष्टी आपण माणसांच्या बाबतीतही करतो. म्हणून कुंडी ही सरावाची चांगली जागा आहे. तिथे चूक झाली तरी कोणाचे मन दुखावत नाही.

अतिथी म्हणजे तिथी न कळवता आलेला

आपल्याकडे ‘अतिथी’ या शब्दाचा अर्थ सांगतात तो असा : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो. कुंडीतले रानफूल या अर्थाने खरा अतिथी आहे. बागेच्या मातीत अनेक वनस्पतींचे बी आधीपासूनच पडून असते. काही बिया वर्षानुवर्षे तशाच राहतात. ओल, ऊब आणि उजेड जुळून आले की त्या जाग्या होतात. एकदांडीच्या बीला केसांचा झुबका असतो. ते वाऱ्यावर येते. पुनर्नव्याचे फळ चिकट असते. ते कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटून येते. काही बिया मुंग्या आणतात, काही पाखरे.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, वायू आहे, मधमाशीही आहे. यांपैकी कोणीही त्याला समोर बसवून शिकवले नव्हते. जे समोर होते त्याच्याकडे तो नीट पाहत राहिला, एवढेच. आपल्याला एवढ्या मोठ्या गोष्टी करायच्या नाहीत. एका कुंडीकडे नीट पाहायचे आहे.

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. दहा-बारा इंच तोंडाची एक कुंडी घ्या. तिच्यात बागेतली किंवा शेतातली साधी माती भरा. काहीही पेरू नका. रोज सकाळी माती ओलसर राहील इतके पाणी शिंपडा. बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसू लागतात. हीच आपली बिनपेरणीची कुंडी.

आधी कुंडी, मग फूल

कोणी म्हणेल, रानफुले चिवट असतात, त्यांना कसली काळजी? जमिनीत हे खरे आहे. तिथे मुळे खोल जातात आणि खालची माती थंड असते. कुंडीत मुळांना पळायला जागा नसते. कुंडीच्या भिंती चारही बाजूंनी तापतात आणि भिंतीलगतची कोवळी मुळे भाजून निघतात. राजस्थानातल्या फलोदी येथे 19 मे 2016 रोजी 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ही मोजणी सावलीतल्या हवेची असते. उन्हात तापलेली गच्चीची फरशी याहून कितीतरी गरम होते. तेव्हा रानातला पाहुणा आपल्या घरी आला असेल, तर त्याची सोय पाहणे हे आपले काम.

• कुंडी. मातीची कुंडी उत्तम. तिच्या अंगातून पाणी झिरपून वाळते आणि माती थोडी थंड राहते. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी किंवा पिशवी असेल, तर तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा चुना दिला तरी उन्हाचा ताप कमी होतो.

• कुंडीत कुंडी. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवा. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते, त्याच कारणाने मुळांना गारवा मिळतो.

• विटा. कुंडी थेट फरशीवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते आणि जादा पाणीही निघून जाते.

• ऊन. रानफुलांना ऊन हवेच. ऊन मिळाले नाही तर यांतली बरीच फुले उमलतच नाहीत. मात्र सकाळचे ऊन द्या आणि दुपारचे पश्चिमेचे ऊन हिरव्या जाळीने किंवा मोठ्या कुंड्यांच्या आडोशाने अडवा. कुंड्या एकमेकींना लागून ठेवल्या तर त्या एकमेकींना सावली देतात.

• माती. दोन भाग साधी माती, एक भाग जाडी वाळू आणि मूठभर कंपोस्ट खत. याहून जास्त नको. रानफुलांना फार लाड चालत नाहीत. जास्त खत घातले की पाने माजतात आणि फुले कमी येतात.

• पाणी. उन्हे वर येण्याआधी द्या. बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर थांबा. उन्हात पडलेल्या नळीतून पहिले पाणी कढत येते, ते आधी बाजूला सोडून द्या. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. पुष्कळ वनस्पती दुपारी पाने पाडून उन्हाचा मारा कमी करतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. मुळाशी पाणी साचले तरीही पाने अशीच मलूल दिसतात. म्हणून आधी बोटाने विचारावे, मग पाणी द्यावे.

• आच्छादन. रोप चार-सहा इंचांचे झाले की मातीवर वाळक्या पानांचा पातळ थर द्या. बिनपेरणीच्या कुंडीवर मात्र कोंब येईपर्यंत आच्छादन घालू नका, कारण बारीक बियांना उगवायला उजेड लागतो.

बी मुद्दाम पेरायचे असेल, तर रस्त्याकडेच्या किंवा पडीक जागेवरच्या वाळलेल्या शेंगांतून, बोंडांतून चिमूटभर घ्या. बाकीचे तिथेच राहू द्या. डोंगरावरून, जंगलातून रोप मुळासकट उपटून आणू नका. ते बहुधा जगत नाही, आणि तिथली जागा रिकामी होते ती वेगळीच. उन्हाळी (शरपुंखा) आणि गोकर्ण यांच्या बियांचे कवच टणक असते. त्या रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. घोळीचे बी खसखशीपेक्षाही बारीक असते. ते मातीत पुरू नका, वरूनच भुरभुरा.

पहिली घाई : उपटण्याची

‘तण’ ही वनस्पतीची जात नाही. आपल्याला नको त्या जागी जे उगवते, त्याला आपण तण म्हणतो. जागा बदलली की त्याच रोपाचा मान बदलतो.

तेलंगणात बतुकम्मा सणाला फुलांचे जे मनोरे रचतात, त्यांत तंगेडू आणि गुनुगू ही फुले महत्त्वाची असतात. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे आपला कुरडू. दोन्ही माळरानावर, बांधावर आपोआप उगवणारी. कुरडू तर शेतकरी खुरप्याने काढून टाकतो. तोच तिथे देवीच्या रूपात मांडला जातो. केरळात कर्कटक महिन्यात ‘दशपुष्प’ म्हणून दहा रानवनस्पतींना मान असतो. त्यांत विष्णुक्रांता आहे, माका आहे आणि दूर्वाही आहे. यांतल्या काहींची फुले इतकी बारीक असतात की वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. तरीही त्यांना ‘पुष्प’ म्हटले आहे. आपल्या गणपतीच्या पत्रीतला आघाडाही कोणी वाफ्यात लावत नाही. तो कुंपणाशी उगवतो.

आपल्यापैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा गावांत राहतात. तिथल्या शेजाऱ्यांना एखादे रोप दाखवून ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे विचारून पाहा. घोळीला हिंदीत कुल्फा म्हणतात, गुजरातीत लूणी, तेलुगूत गंगवायिली कूर. एका रोपाच्या निमित्ताने शेजाऱ्याशी बोलणे होते, हा लाभही कमी नाही.

म्हणून पहिला नियम : बिनपेरणीच्या कुंडीत जे उगवेल, त्याला फूल येईपर्यंत राहू द्या. या नियमाला एकच अपवाद आहे, तो पुढे येईलच.

दुसरी घाई : नाव ठेवण्याची

मराठीत बाळाचे ‘नाव ठेवतात’ आणि माणसाला ‘नावे ठेवतात’. दोन्हींत शब्द तेच आहेत. नाव ठेवले की आपले पाहणे बहुधा तिथेच थांबते. ‘तो ना, रागीट आहे’ असे एकदा म्हटले, की पुढे त्याचा शांत चेहरा आपल्याला दिसतच नाही. रोपांच्या बाबतीतही असेच होते. फोनवर फोटो काढला, एखाद्या ॲपने नाव सांगितले, झाले. रोपाकडे पुन्हा पाहिले जात नाही. आणि ते नाव चुकीचे असेल तर चूक तशीच पुढे चालू राहते.

वाणिज्य शाखेत आम्हाला सुरुवातीलाच एक शिस्त लावली जाते. व्यवहार घडला की तो आधी रोजकीर्दीत तारखेनिशी लिहायचा. तो कोणत्या खात्यात जातो हे नंतर, खतावणी करताना. नोंद आधी, खाते मागाहून. रोपे ओळखताना हीच पद्धत फार उपयोगी पडते. एक लहान वही करा. तिच्यात नाव लिहिण्याची जागा शेवटी ठेवा आणि आधी या सहा गोष्टी लिहा :

1. ठेवण. रोप उभे आहे, जमिनीवर पसरते की वेलासारखे चढते?
2. पाने. समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? जोडीतली दोन्ही पाने सारखी की एक मोठे, एक लहान? पाने जाड, रसदार आहेत की पातळ?
3. चीक. पान तोडल्यावर पांढरा किंवा पिवळा चीक येतो का?
4. फूल. पाकळ्या किती? सुट्या की जोडलेल्या? रंग कोणता? जे एक फूल वाटते ते खरेच एक आहे का?
5. वेळ. फूल किती वाजता उमलते, किती वाजता मिटते?
6. फळ आणि बी. शेंग, बोंड की चिकट दाणा? ते कसे उघडते?

ही सहा उत्तरे एका दिवसात मिळत नाहीत. कधी पंधरा दिवस लागतात, कधी महिना. तेवढे दिवस आपण त्या रोपाला नाव न देता ओळखत असतो. हेच या अभ्यासाचे मर्म आहे.

नावाची घाई का नको, याचे चांगले उदाहरण म्हणजे शंखपुष्पी. हे एकच नाव देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान चार वनस्पतींना दिले जाते. उत्तरेत आणि राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात जमिनीलगत पसरणारी, पांढरट-गुलाबी फुलांची वनस्पती (शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्राटस) शंखपुष्पी मानतात. काही ठिकाणी निळ्या इवल्या फुलांच्या विष्णुक्रांतेला (इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस) तेच नाव देतात. केरळात गोकर्णाच्या वेलाला शंखपुष्पी म्हणतात. बंगालमध्ये डानकुनी नावाची, चौकोनी खोडाची चौथीच वनस्पती त्या नावाने ओळखली जाते. चारही जणांचे बोलणे आपापल्या जागी खरे आहे. पण एकाने सांगितलेले औषध दुसऱ्याने आपल्या गावच्या शंखपुष्पीचे करून घेतले, तर तो वेगळीच वनस्पती पोटात घेत असतो. हा घोळ टळावा म्हणूनच वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देतात. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी 1753 मध्ये ही पद्धत पक्की केली. बोलीतले नाव प्रेमाने वापरा. पण वहीत शेवटी शास्त्रीय नावही लिहा.

पाच ओळखी

उन्हाळ्यात कुंडीत टिकणाऱ्या किंवा आपोआप येणाऱ्या पाच वनस्पती पुढे दिल्या आहेत. त्यांतल्या काहींसोबत त्यांच्यासारखी दिसणारी दुसरी वनस्पतीही सांगितली आहे, कारण ओळख पक्की होते ती फरकातून.

घोळ (पोर्तुलाका ओलेरासिया). गुळगुळीत, लालसर, रसदार खोड. चमच्याच्या आकाराची जाड पाने. लहान पिवळी फुले. फूल सकाळच्या उन्हात काही तासच उमलते. बोंडाला डबीसारखे झाकण असते आणि ते निघाले की आत बारीक काळे बी दिसते. पाण्याची टंचाई झाली की घोळ रात्रीच्या गारव्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवू शकते. दिवसा रंध्रे उघडून पाणी गमावत नाही. चांदवा जातीच्या एका फुलपाखराची मादी हिच्यावर अंडी घालते. हिच्याशी गल्लत होते ती जमिनीवर पसरणाऱ्या नायटीची (युफोर्बिया जातीची). फरक सोपा आहे : नायटीचे पान तोडले की पांढरा चीक येतो, घोळीला चीक नसतो. विदर्भ-मराठवाड्यात भाजीसाठी लाडकी असलेली चिवळ ही घोळीची धाकटी बहीण. तिची पाने बारीक असतात, फुलाला चार पाकळ्या असतात आणि पेराशी पांढरे केस दिसतात.

एकदांडी (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स). हिलाच दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, आता भारतभर. लांब, सरळ दांडीवर एकच फूल, म्हणून एकदांडी. पण जवळून पाहा. जे एक फूल वाटते ती अनेक फुलांची बैठक आहे. मधली पिवळी नळ्यांसारखी फुले वेगळी आणि कडेची फिकट, टोकाला तीन दाते असलेली फुले वेगळी. सकाळी हिच्यावर मधमाश्या आणि फुलपाखरे हमखास येतात.

विष्णुक्रांता. तारेसारखी बारीक, जमिनीलगत पसरणारी खोडे. अंगावर रेशमी लव. नखाएवढी गोल निळी फुले. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. उथळ, पसरट कुंडीत आणि वाळूमिश्रित मातीत छान वाढते. रोपवाटिकेत निळ्या फुलांचे तिच्यासारखेच, पण मोठ्या फुलांचे एक रोप मिळते. ते तिच्याच कुळातले असले तरी मूळचे ब्राझीलचे आहे.

पुनर्नवा, म्हणजेच घेटुळी (बोऱ्हाविया डिफ्युजा). चहूबाजूंना पसरणाऱ्या फांद्या. पानांच्या जोडीत एक मोठे, एक लहान. पानांची खालची बाजू फिकट. फुले गुलाबी-किरमिजी, मोहरीएवढी, बारीक देठांवर झुबक्याने. फळ बोटाला चिकटते. हिच्याशी गल्लत होते ती हिंदीत विषखपरा म्हणतात त्या वनस्पतीची (ट्रायन्थिमा पोर्तुलाकास्ट्रम). तिचीही पाने विषम जोडीने असतात. पण ती जास्त रसदार असते आणि फुले देठावर न येता पानाच्या बगलेत एकेकटी, अर्धी लपून बसतात.

उन्हाळी, म्हणजेच शरपुंखा (टेफ्रोसिया पर्प्युरिया). हिची मुळे खोल जातात, म्हणून किमान बारा इंच खोल कुंडी द्या. जांभळट-गुलाबी, वाटाण्याच्या फुलासारखी लहान फुले आणि चपट्या, किंचित वाकलेल्या शेंगा. ओळखण्याची खूण गमतीची आहे : एक पर्णिका दोन्ही हातांनी धरून टोकाकडून ओढा. ती सरळ न फाटता बाणाच्या पिसाऱ्यासारख्या कोनात तुटते. म्हणूनच ‘शरपुंखा’. हिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, तेव्हा कुंडीची मातीही सुधारते.

जिथे धीराला सावधपणाची जोड हवी

थांबणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. वर ज्या अपवादाचा उल्लेख केला, तो गाजर गवताचा. हे 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि नंतर देशभर पसरले. याची पाने गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली असतात आणि वर पुष्कळ लहान पांढरी फुले येतात. याच्या संपर्काने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. हे रोप पक्के ओळखू आले, तर फूल येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट काढा.

दुसरा, पिवळा धोत्रा. शंकराला वाहतात तो धोत्रा वेगळा. तोही विषारीच आहे. पिवळ्या धोत्र्याची काटेरी पाने पांढऱ्या शिरांची, फूल सुंदर पिवळे आणि चीकही पिवळा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि तिथेच धोका आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. त्यातून जलोदरासारख्या सुजेच्या आजाराची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. घरात लहान मुले असतील, तर फुलाच्या रूपावर भाळून हे रोप कुंडीत ठेवू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा लेख वाचून, फोटो पाहून किंवा ॲपच्या भरवशावर कोणतीही रानवनस्पती भाजी म्हणून खाऊ नका, औषध म्हणूनही घेऊ नका. ती लहानपणापासून ओळखणाऱ्या जाणत्या माणसाला प्रत्यक्ष रोप दाखवा. औषधासाठी वैद्यांना विचारा. पांढरा किंवा पिवळा चीक येणारे काहीही तोंडात घालू नका आणि चीक लागलेला हात डोळ्यांना लावू नका. घोळीसारखी नेहमीची भाजीसुद्धा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी विचारूनच खावी. ओळखण्यात घाई केली तर वहीतली नोंद चुकते, तेवढेच. खाण्यात घाई केली तर जिवावर बेतते.

तिसरी घाई : ‘मेले’ म्हणण्याची

मेच्या मध्यावर पुनर्नव्याकडे पाहा. फांद्या वाळलेल्या, पाने गळलेली, कुंडीत काड्याच उरलेल्या. आपण म्हणतो, गेले. कुंडी रिकामी करायला घेतो. पण तिचे नावच सांगते की थांबा : पुनः नवा, पुन्हा नवी होणारी. तिचे जाड मूळ जमिनीत जिवंत असते. पाऊस पडला की त्याच मुळातून नवी फूट येते.

कुंडी रिकामी करण्याआधी दोन गोष्टी तपासा. वाळलेल्या खोडावर बुंध्याशी नखाने हलकेच खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर जीव आहे. मग बोटाने थोडी माती बाजूला करून मूळ चाचपा. ते घट्ट आणि भरीव लागले तर जीव आहे. अशा कुंडीला रोज पाणी घालू नका, मूळ सडेल. तीन-चार दिवसांनी थोडे पाणी द्या, सावलीत ठेवा आणि पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे वाट पाहा.

घोळीची गोष्ट वेगळी. ती एका हंगामाची सोबतीण. ती खरोखरच वाळून जाते. पण जाताना काळ्या बियांची रास मातीत ठेवून जाते. तिची कुंडी म्हणजे भरलेले कोठार आहे. ती माती फेकू नका, जपून ठेवा.

आणि मूळ पोकळ किंवा लिबलिबीत लागले, पावसानंतरही फूट आली नाही, तर ते रोप गेले आहे. हेही शांतपणे मान्य करायला हवे. ते खताच्या खड्ड्यात घाला. दुसऱ्याच्या कामी येईल. धीर म्हणजे वास्तव नाकारणे नव्हे. निकाल देण्याआधी मुळापर्यंत पाहणे, हा धीर.

आपल्या ओळखीतही अशी माणसे असतात. आजारपणाने, अपयशाने, दुःखाने वरून वाळलेली. ‘आता याच्याकडून काही होणार नाही’ असे आपण किती सहज बोलून जातो! मुलगा एकदा परीक्षेत नापास झाला, आजोबा बोलेनासे झाले, मैत्रिणीने फोन घेणे सोडले, आणि आपण कुंडी रिकामी करायला निघतो. तिथेही आधी मुळाशी जाऊन पाहावे. थोडे पाणी, थोडी सावली आणि पावसापर्यंत वाट. बहुतेक वेळा एवढ्यावरही भागते.

सात दिवसांचा अभ्यास

पहिला दिवस. बिनपेरणीची कुंडी भरा आणि विटांवर ठेवा. वहीत तारीख लिहा.

दुसरा दिवस. घरातल्या जुन्या कुंड्यांत न पेरलेले काय उगवले आहे ते शोधा. उपटू नका, मोजा.

तिसरा दिवस. त्यांतले एक रोप निवडा. सहा प्रश्नांपैकी पहिल्या दोनांची उत्तरे लिहा. नाव माहीत असले तरी आज लिहू नका.

चौथा दिवस. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अशा तीन वेळा त्याच रोपाकडे दोन-दोन मिनिटे पाहा. पाने आणि फुले यांत काय बदल झाला, तो लिहा. फोन घरात ठेवा.

पाचवा दिवस. त्या फुलावर कोण येते ते पाहा : मुंगी, माशी, मधमाशी, फुलपाखरू. शेजारी उथळ ताटलीत पाणी ठेवा आणि त्यात दोन-चार खडे घाला, म्हणजे किडे बुडणार नाहीत. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

सहावा दिवस. ते रोप घरातल्या वडीलधाऱ्यांना, माळीकाकांना किंवा भाजीवाल्या मावशींना दाखवा. त्यांनी सांगितलेले नाव आणि ओळखीची खूण, दोन्ही लिहून घ्या.

सातवा दिवस. आता नाव लिहा. खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा ही प्रामाणिक नोंद आहे.

आठवडा संपल्यावर हाच अभ्यास एखाद्या माणसाबाबत करून पाहा. ज्याला आपण फार पूर्वीच एक नाव ठेवून दिले आहे, असा कोणी घरातला, कार्यालयातला, शेजारचा. सात दिवस त्याच्याविषयी मत बोलायचे नाही. फक्त पाहायचे आणि रात्री एक ओळ लिहायची. सातव्या दिवशी जुने नाव अजूनही चपखल बसते का, ते तपासा.

चला तर, या उन्हाळ्यासाठी आपण एवढाच संकल्प करूया : पाहिल्याशिवाय उपटणार नाही, ओळखल्याशिवाय नाव ठेवणार नाही आणि मुळाशी पाहिल्याशिवाय ‘संपले’ म्हणणार नाही. उद्या सकाळी, ऊन चढण्याआधी, एक रिकामी कुंडी आणि ओंजळभर माती घेऊन सुरुवात करा.